फेसबुकवरची इर्जिक

“मला येकच सांगा,” उषाबाई म्हणाल्या, “त्या काचंवर दिसभर आंगठा घासून तुमाला मिळतं काय?”

नरहरीअण्णांना उषाबाईंच्या प्रश्नांची सवय होती. बायकोच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं, खाकरायचं असतं, हे ते लग्नाच्या पहिल्याच वर्षी शिकले होते. म्हणून ते खाकरले. पण या वेळी खाकरून भागलं नाही, कारण प्रश्न त्यांच्याच डोक्यात जाऊन बसला. खरंच, काय मिळतं? पिरंगुटच्या कारखान्यात त्यांनी उभं आयुष्य स्टोअर सांभाळलं होतं. काय आत आलं, काय बाहेर गेलं, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं. निवृत्त होऊन मुळशीतल्या रिहे गावच्या घरी बसल्यापासून मात्र सकाळचा चहा ते रात्रीची भाकरी एवढा सगळा वेळ त्या फोनमध्ये जात होता. आत जाताना दिसत होता, बाहेर काय येतंय ते दिसत नव्हतं. स्टोअरच्या माणसाला हे बघवत नाही.

आता इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे. अण्णा फेसबुकवर टवाळक्या करत नव्हते, नोकरी करत होते. कुणाच्या पोराचं बारसं असो, कुणाची नवी गाडी असो, कुणाचा चुलता गेलेला असो, अण्णांचा अंगठा हजर. बारशाला ‘अभिनंदन दादा’, गाडीला ‘नाद खुळा’, चुलत्याला ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. एकदा घाईत गाडीला श्रद्धांजली गेली होती. ती गाडी पुढच्याच आठवड्यात ताम्हिणीच्या वळणावर घासली, तेव्हापासून गाडीवाला अण्णांना जरा वचकून होता. ज्यानं आपल्याला लाईक दिला त्याला आपण द्यायचाच, हा अण्णांचा कडक नियम. न देणाऱ्याकडं ते रस्त्यात बघतसुद्धा नसत.

“ही सावड हाय,” अखेर अण्णांना उत्तर सुचलं. “तू त्याच्या खाचरात जायाचं, त्यानं तुझ्या खाचरात यायाचं. तसंच हे. मी समद्यांना लाईक घातल्यात, समदे मला घालत्यात.”

उषाबाई ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. “सावड हाय व्हय? मग बोलवा की भाताच्या लावणीला!”

झालं. कारण विषय नेमका दुखऱ्या जागी येऊन पोचला होता. अण्णांचं घरामागचं खाचर चिखल करून तयार होतं, रोपं वीतभर वर गेली होती, आणि लावायला माणूस नव्हतं. दरवर्षी वरच्या वाडीवरच्या कृष्णाबाई आपल्या बायका घेऊन रोजंदारीवर यायच्या. यंदा वाडीची वाडी पुण्याकडं सूसला इमारतींच्या कामावर गेली होती, एकट्या कृष्णाबाई तेवढ्या मागं राहिलेल्या. गावातली खरी सावड मागावी, तर अण्णांनी कारखान्याची वर्दी चढवली त्या दिवसापासून दुसऱ्याच्या चिखलात पाय घातला नव्हता. त्यांच्या खाचरात कोण कशाला पाय घालेल? आणि भाताचं रोप काही माणसासारखं निवृत्त होऊन वाट बघत बसत नाही. येत्या रविवारपर्यंत लागलं तर लागलं, नाहीतर जून होऊन वाया. म्हणजे वर्षाचा घरचा इंद्रायणी गेला, आणि पिशवीतला तांदूळ विकत आणायचा. रिह्यात राहून तांदूळ विकत आणणं म्हणजे काय, ते रिह्यातल्याच माणसाला कळेल. दुकानात तोंड लपवून जावं लागतं.

“बोलावतो,” अण्णा म्हणाले. रागाच्या भरात माणूस काहीही बोलतो.

“बोलवाच. खाचर लागलं, तर मी सोता खातं उघडते त्या फेसबुकवर. न्हाई लागलं, तर त्यो फोन तांदळाच्या कोठीत. कायमचा.”

तर असा तो पैजेचा मामला. दोन्ही बाजूंनी भीतीदायक.

अण्णांनी त्याच दुपारी मजकूर लिहिला. त्यांचा चुलतभाऊ गेणबा पलीकडच्या पडवीतून आपोआप येऊन बसला. या गेणबाचा धंदा म्हणजे सल्ला. कुणी मागत नाही म्हणून तो फुकट देतो.

“वाच बघू,” गेणबा म्हणाला.

“प्रिय मित्रांनो, येत्या रविवारी रिहे येथे आमच्या खाचरात इर्जिक घातली आहे. पूर्वीप्रमाणे सर्वांनी मिळून भात लावायचे आहे. जेवण आमच्याकडे. सावड समजून यावे. मीही आपल्याकडे येईन.”

“जेवाण मंजी काय? पिठलं?”

“बघू.”

“आरं नरहरी, बघू मंजी? लोकं पिठल्यासाठी चिखलात उतरत्यात व्हय? मटण लिव्ह. आनी खाली बांधावरचा तुझा फोटू टाक. टोपी घालून.”

अण्णांनी ‘जेवण’ खोडून ‘मटणाचं जेवण’ केलं आणि टोपी घालून बांधावर उभे राहिले. दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की महिना आषाढाचा आहे. आषाढ म्हणजे आखाड. श्रावण लागला की मटण बंद, म्हणून त्याआधी आमच्याकडं माणसं रविवार-रविवार गाठून जे खातात त्याला आखाड पार्टी म्हणतात. आखाडाच्या शेवटच्या रविवारी, मुळशीत, धरणाच्या वाटेवर, मटण. बाकीचा मजकूर अण्णांनी संस्कृतात लिहिला असता तरी चाललं असतं.

फोनला जणू ताप भरला. ‘येतोच’. ‘नक्की दादा’. ‘परंपरा जपली पाहिजे’. ‘शब्द म्हणजे शब्द’. एकानं दुबईहून डोळ्यात पाणी आल्याचं चित्र टाकलं. सूसच्या सोसायटीतल्या सोनम नावाच्या बाईंनी विचारलं, ‘काका, पार्किंग आहे ना? आणि चिखल ऑरगॅनिक आहे का? मुलांना उतरवायचंय.’ अण्णांनी लिहिलं, ‘चिखल घरचाच आहे.’

आणि संध्याकाळी, नेहमीप्रमाणे, वाल्मीक वाल्मीक.

हे एक कोडंच होतं. नाव वाल्मीक, आडनावही वाल्मीक, तोंडाच्या जागी गुलाबाचं फूल. दिवसभर हा प्राणी गप्प. दिवेलागणीला एकदम अण्णांनी सकाळपासून जे जे टाकलं असेल त्या सगळ्याला त्याचा अंगठा, एका दमात. म्हशीला, ढगाला, कालवणाला. एकदा खिशात फोन ठेवताना चुकून अण्णांच्याच पायाच्या अंगठ्याचा फोटो फेसबुकवर पडला. दिवसभर अण्णांना पत्ता नाही. गावातल्या सुज्ञांनी तो बघून न बघितल्यासारखा केला. वाल्मीकनं मात्र त्यालाही लाईक दिला.

“सीआयडी असंल,” गेणबानं निदान केलं.

“माझ्या पायाच्या आंगठ्यात सीआयडीचं काय हाय?”

“मग एजंट. जिमिनीवर डोळा. आंगठ्याखाली जिमीनच व्हती न्हवं?”

“येडा असंल कुणीतरी,” आतून उषाबाई म्हणाल्या, “तुमाला त्यातल्या त्यात जवळचा.”

दुसऱ्या दिवशी गावचा पोलीसपाटील हनुमंत मोटरसायकल अंगणात लावून, चहा घेऊन, मग हळूच म्हणाला, “अण्णा, तेवढं पोस्ट काढा.”

“का बरं?”

“पावसाळी पर्यटनाला मनाई हाय. पाणवठ्याजवळ गर्दी जमवायची न्हाई, असा हुकूम हाय वरून.”

“आरं, पाणवठा कुटं? खाचर हाय ते.”

“खाचरात पाणी हाय का?”

“हाय.”

“मग?”

अण्णांनी आयुष्यभर सरकारी कागदांशी सभ्यपणे वागून पाहिलं होतं. कागद कधी त्यांच्याशी तसा वागला नाही. ते परवानगीचा अर्ज घेऊन तालुक्याच्या कचेरीत निघाले. एका साहेबांनी सांगितलं, सातबारा आणा. सातबारा आणला, तर त्यावर लिहिलेलं ‘भात’. साहेब म्हणाले, हे मागल्या वर्षीचं पीक, यंदा भात आहे याला पुरावा काय? अण्णा म्हणाले, यंदाचं लावायचंय म्हणून तर माणसं बोलावलीत. साहेब म्हणाले, म्हणजे अजून लागलेलं नाही, म्हणजे आजच्या तारखेला ते नुसतं साचलेलं पाणी आहे. बरोबर आहे. या देशात भात लावायला आधी भात लावलेला असावा लागतो.

“येणारे कोण आहेत?” साहेबांनी विचारलं.

“मित्र.”

“कुठले?”

“समदीकडचे. फेसबुकवरचे.”

“भेटलाय कधी त्यांना?”

“न्हाई.”

“न भेटलेले लोक लांबून पाण्याजवळ येणार. यालाच पर्यटक म्हणतात, आजोबा.”

अण्णांना पर्यटकापेक्षा आजोबा जास्त लागलं. शेवटी हनुमंतनंच तोड काढली. हमीपत्र. अण्णांनी सही करून लिहून दिलं, की ‘सदर कार्यक्रमात फक्त श्रम करण्यात येतील, व उपस्थितांपैकी कोणासही मजा येणार नाही, याची संपूर्ण जबाबदारी माझी राहील.’ त्यावर शिक्का बसला. असा कागद तालुक्यात दुसरा नसेल. तसे मजा न येणारे कार्यक्रम आमच्याकडं रोज होतात, पण हमी कोणी देत नाही.

शनिवारी उषाबाई आणि कृष्णाबाईंनी कंबर मोडून सगळी रोपं उपटली, मुठी बांधून बांधावर ओळीनं रचली. आता माघार नव्हती. उपटलेलं रोप परत घालून ठेवता येत नाही.

रविवारी उजाडता उजाडता अण्णा पांढरा सदरा, टोपी घालून बांधावर उभे. पाऊस बारीक लागलेला. रस्ता मोकळा. फोनवर मात्र सगळा तालुका रस्त्यात होता. ‘निघालोय’. ‘ऑन द वे’. ‘पाच मिनिटांत’. एवढी माणसं खरोखर निघाली असती तर चांदणी चौक बंद पडला असता.

डोक्यावर खताच्या गोणीची खोळ घेतलेला एक किडकिडीत माणूस तेवढा चालत आला. चेहऱ्यावर दाढीचे खुंट, पायात फाटके बूट. बांधाशी थांबून म्हणाला, “हितंच का ती इर्जिक?”

“व्हय व्हय, उतरा, कृष्णाबाईपाशी जा,” अण्णा म्हणाले, आणि त्याच्या खांद्यावरून पुन्हा रस्ता बघू लागले. त्यांना वाटलं, कृष्णाबाईंच्या वाडीचा असेल. कृष्णाबाईंना वाटलं, अण्णांचा असेल. तो आपला बूट काढून, विजार गुडघ्यावर घेऊन उतरला आणि उषाबाई, कृष्णाबाईंच्या मागं लावत सुटला. बोलला नाही की उभा राहिला नाही.

नऊ गेले, दहा गेले. बांधावर गेणबा छत्री धरून बसलेला.

“उतर की तू तरी,” अण्णा म्हणाले.

“माझी पाठ धरलीया.”

“कदीपास्नं?”

“आत्ताच, तू म्हणालास तवापास्नं.”

तीन माणसांनी खाचर कितीसं भरणार? एक कोपरा हिरवा झाला होता, बाकी सगळं गढूळ पाणी आभाळाकडं बघत पसरलेलं. त्यांच्या अंगठ्यानं वर्षानुवर्षं केलेली सावड त्यांच्या डोळ्यांसमोरून गेली. सगळी बारशी, सगळे चुलते. उषाबाई चिखलातून मान वर करून मधूनच बघायच्या, काही बोलायच्या नाहीत. न बोलणाऱ्या उषाबाई म्हणजे काय, हे ज्याला माहीत आहे त्यालाच माहीत.

आणि मग, उषाबाईंनी पहाटेच चुलवणावर चढवलेल्या मटणाच्या पातेल्यावरचं झाकण गेणबानं पहिल्यांदा उघडलं नि वास रस्त्याकडं गेला, त्याच सुमाराला पहिली गाडी आली.

मागून दुसरी आली. मग दोन जीप. मग मोटरसायकली, प्रत्येकीवर तिघे. सूसच्या सोसायटीच्या गाड्यांची रांग, त्यातून रंगीत रेनकोटातली पोरं. तासाभरात रिह्याच्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा राहिली नाही. कुणी पत्रावळ्या घेऊन आलेला, कुणी कांदे घेऊन, एक जण कागदी ग्लासांची चळत घेऊन. पाण्यासाठी, असं तो म्हणाला. “अण्णा, आखाड जोरात!” म्हणत जो तो अण्णांना मिठ्या मारत होता आणि अण्णांच्या खांद्यावरून चुलवण बघत होता.

“आधी लावणी,” अण्णा म्हणत होते.

“लावणार ना! फक्त एक फोटो.”

प्रत्येक जण बांधावरून एक पाय चिखलात घालायचा, एक रोप खोचायचा, दात दाखवायचा, पाय धुवायचा. झाली सावड. फेसबुकवर एका अंगठ्यानं जेवढं काम होतं, बरोबर तेवढंच. कृष्णाबाई ओरडत होत्या, “आवो ताई, उलटं लावलंया, मुळं वर हायेत!” आणि सोनमबाई म्हणत होत्या, “ओह, हे रूट्स का? किती क्यूट!” त्यांच्या मंडळींनी तर मुठी गुच्छासारख्या हातात धरल्या आणि बाल्कनीतल्या कुंड्यांत लावायला म्हणून गाडीत नेऊन ठेवायला सुरुवात केली. घरचं वर्षाचं अन्न डिकीत चाललेलं अण्णा नुसते बघत राहिले. पाहुण्याला नाही कसं म्हणायचं, ही एक मध्यमवर्गाला जडलेली व्याधी आहे. तिच्यावर औषध नाही.

तेवढ्यात हलगी वाजली. शंभूशेठ आले होते. गेली कित्येक वर्षं ते भावी आहेत. काय भावी, ते निवडणुकीप्रमाणे बदलतं. त्यांच्या हातात शाल, श्रीफळ, मागं तीन माणसं फोन उगारून.

“इर्जिकीची परंपरा जिवंत ठेवल्याबद्दल,” शंभूशेठ गरजले, “नरहरीअण्णांचा सत्कार!”

“शेठ, आदी जरा लावणी…”

“सत्कार आधी!”

अण्णा निसरड्या बांधावर उभे. खांद्यावर शाल, एका हातात नारळ, दुसऱ्या हातात शेठनी दिलेला गुच्छ. तो अण्णांच्याच रोपांचा होता. आणि फोन हनुवटीखाली दाबलेला, कारण हा क्षण लाईव्ह गेला पाहिजे होता. “अण्णा, इकडं बघा!” कुणीतरी ओरडलं. अण्णांनी बघितलं. हनुवटी सुटली, फोन सुटला, फोनला धरायला नारळ सुटला, आणि नारळाला धरायला गेलेले अण्णा, टोपी, शाल आणि वर्षानुवर्षं जपलेली इज्जत, सगळे मिळून सावकाश, बसल्या बसल्या, खाचरात गेले. टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं, परंपरेचा भाग आहे.

उषाबाई उठल्या तेव्हा त्यांच्या कोपरापर्यंत चिखल होता. त्या बांधावर आल्या, चुलवणापाशी गेल्या, पातेल्यावर झाकण घातलं आणि पळी हातात घेऊन त्याच्यापुढं उभ्या राहिल्या.

“आयका समदे!” त्या म्हणाल्या. हलगी थांबली. “इर्जिकीचा नेम हाय. गुडघ्यावर चिखल दिसल्याबिगर ताट न्हाई. येका पायाला असंल त्याला नुसता रस्सा. दोनी पायाला असंल त्याला मटण. आनी ज्या गाडीत माझी रोपं हायेत त्या गाडीला पाणीसुदिक न्हाई.”

असा नेम इर्जिकीत कधीही नव्हता. पण उषाबाईंच्या हातात पळी होती आणि वास सुटलेला होता. जमावात क्षणभर चुळबुळ झाली. मग शंभूशेठनी पांढरी विजार वर घेतली. तो देखावा ज्यांनी पाहिला त्यांचा लोकशाहीवर विश्वास बसला. मागोमाग सगळे. डिक्या उघडल्या, मुठी परत आल्या. सोनमबाई, कागदी ग्लासांवाला, तिघे-तिघे बसून आलेले, सगळे वाकले. कृष्णाबाई मास्तरीणबाईंसारख्या मधून फिरत होत्या. “अंतर ठिवा. शेठ, तुमी हात लावलेलं परत लावावं लागतंया, तुमी निस्त्या मुठी टाका.” शेठ मुठी टाकू लागले. गेणबाची पाठसुद्धा बरी झाली.

त्यात हनुमंत आला. पोरं चिखलात लोळत होती, कुणीतरी गाणं म्हणत होतं, शेठ हसत होते. हनुमंतचा चेहरा पडला. तो अण्णांपाशी येऊन हळूच म्हणाला, “अण्णा, मजा चाललीय. हमीपत्र हाय तुमचं.”

“मला न्हाई येत,” चिखलातून अण्णा म्हणाले, आणि ते खरं होतं.

“निदान गाणं तरी बंद करा. हसताना कुणी रस्त्याकडं तोंड करू नका.” मग चुलवणाकडं बघून त्यानंही बूट काढले.

दिवस कलायच्या आत खाचर लागलं. वाकडंतिकडं, कुठं दाट, कुठं टक्कल, पण या बांधापासून त्या बांधापर्यंत हिरवं. माणसं हाडं चोखून, हात धुऊन, ‘भारी झालं अण्णा’ म्हणून गेली.

“लागलं!” अण्णा उषाबाईंना म्हणाले. आवाजात विजय होता, पण अंगावरचा चिखल वाळत आलेला असल्यामुळं तो नीट उमटला नाही. “आता उघड खातं.”

“लागलं ते मटणानं,” उषाबाई म्हणाल्या. “तुमच्या फेसबुकनं येक माणूस आणलं असंल तर दावा.”

तेवढ्यात पाटाच्या पाण्यात पाय धूत बसलेला तो किडकिडीत माणूस उठला, गोणीची खोळ झटकून म्हणाला, “येतो मग मी. शेवटची गाडी चुकंल.”

“मजुरी न्या की,” उषाबाई म्हणाल्या. “वाडीचेच न्हवं तुमी?”

“न्हाई. मी फेसबुकवरचा.” तो ओशाळून हसला. “वाल्मीक.”

अण्णा त्याच्याकडं बघतच राहिले. “गुलाबाचं फूल?”

“व्हय. माझा चेहरा काय टाकायचा, म्हणून.”

कोण, कुठला, कशासाठी, असे सगळे प्रश्न अण्णांना एकदम विचारायचे होते. तोवर तो रस्त्याला लागला होता. वळणावरून त्यानं सांगितलं ते एवढंच, “लवासाला आसतो. वाचमन हाय. या कदी!”

दुसऱ्याच दिवसापासून सावडीचे तगादे सुरू झाले. अण्णांनी लेखी दिलं होतं, ‘मीही आपल्याकडे येईन.’ लाईक लोक विसरतात, चिखलात वाकलेली कंबर विसरत नाहीत. सोनमबाईंचा निरोप आला, “काका, आता आमची सावड हं!” आणि अण्णांनी सूसच्या सोसायटीचा ओल्या कचऱ्याचा खड्डा खालीवर केला. उच्चशिक्षितांच्या कचऱ्यालाही तोच वास येतो, हे ज्ञान त्यांना त्यात झालं. शंभूशेठच्या मेळाव्यात ते झेंडा धरून उभे राहिले, कुणाच्या विरोधात ते शेवटपर्यंत कळलं नाही. गेणबानं तर दुपारी तासभर वाकल्याबद्दल आठवडाभर म्हशी चारून घेतल्या. निवृत्त झालेल्या माणसाचा दिवस पहाटे सुरू होऊन अंधारात संपू लागला. फोन बघायला वेळ नव्हता, आणि फोनही नव्हता. तो गेणबाच्या सल्ल्यानं ओल सुकायला तांदळाच्या कोठीत पुरला होता. “नागपंचमीपतुर हात लावू नगंस,” गेणबानं बजावलं होतं. पैज हरली नव्हती तरी फोन कोठीतच गेला, याचा उषाबाईंना फार आनंद झाला होता.

राहिला होता एक वाल्मीक. त्यानं तगादा लावला नाही. म्हणूनच अण्णांना राहवेना. एके दिवशी ते दुधाच्या गाडीनं, मग कुणाच्या तरी मोटरसायकलवर, आणि शेवटचा घाट पायी, असे लवासाला पोचले.

तळ्याच्या कडेनं रंगीत इमारती, त्यांच्या मागं चढावर अर्धवट राहिलेल्या. त्यातल्या एकीच्या दारात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर वाल्मीक बसलेला. आत खोल्याच खोल्या, कुणीच नाही. अण्णांना बघून तो उभा राहिला तो उभाच राहिला.

“सावड फेडायला आलोय,” अण्णा म्हणाले. “सांग काम.”

वाल्मीकनं इकडंतिकडं बघितलं. झाडायचं म्हटलं तर त्यानं झाडलं होतं. राखायचं म्हटलं तर न्यायला कुणी येत नव्हतं. “काम काय न्हाई,” तो म्हणाला. “बसा की.”

त्यानं आतून दुसरी खुर्ची आणली. ती नवी होती. तिच्यावर कधी कुणी बसलं नव्हतं.

अण्णा बसले. पहिली घटका अवघड गेली. हात सारखा खिशाकडं जायचा, खिशात फोन नाही. मग ते बोलू लागले. वाल्मीकही बोलू लागला, आणि एकदा लागल्यावर थांबेना. गाव बीडकडचं, घरी माणूस उरलेलं नाही, इथं दिवसाला एखादं वाहन चुकून येतं आणि वळून जातं. इमारतीत फोनला रेंज नाही. दिवेलागणीला दिवे बघायला तो गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर चढतो, तिथं रेंज येते. तेवढ्यात काय ते बघायचं.

“म्हणून समदे आंगठे येकदम!” अण्णांनी मांडीवर थाप मारली. सीआयडी गेला, एजंट गेला. पण एक शंका उरली होती. “आरं, पण माझ्या पायाच्या आंगठ्याला कशापायी लाईक दिलास?”

“आंगठा?” वाल्मीक विचारात पडला. “हां, त्यो फोटो. मी आंगठा न्हाई बघितला, अण्णा. मागं पडवी व्हती. काकू तांदूळ निवडीत बसल्या व्हत्या, सूप मांडीवर. केस मोकळं, नुकतं न्हालेलं. येक मांजर व्हतं. घर दिसत व्हतं.” मग म्हणाला, “त्यो फोटो मी लई येळा बघतो.”

अण्णांनी चष्मा काढून पुसला. पाऊस नव्हता तरी पुसला.

निघताना वाल्मीक म्हणाला, “फिटली न्हवं सावड?”

अण्णा हिशेबाला कडक माणूस. “फिटती कशी? तू दिसभर चिखलात, मी दिसभर खुर्चीत. न्हाई फिटत. परत यावं लागंल.”

घरी पोचले तेव्हा उषाबाई भाकरी थापत होत्या. “काय काम केलंत त्याचं?”

“बसलो.”

“दिसभर?”

“दिसभर.”

“मंजी हितं बसायचात ते तितं जाऊन बसलात.”

अण्णांनी मग सगळं सांगितलं. टाकी, रेंज, नवी खुर्ची. आणि अंगठ्याच्या मागं काय होतं तेही सांगितलं. पडवी, सूप, मांजर, मोकळे केस. उषाबाईंचा हात भाकरीवर थांबला. भाकरी एका बाजूनं करपली. असं त्यांच्या हातून कधी होत नाही.

“कवाचा वं हा फोटू?” त्यांनी विचारलं.

“असंल गेल्या उन्हाळ्यातला.”

“मला कुटं दाखवलात?”

“मला तरी कुटं ठावं! मी आंगठाच बघितला.”

उषाबाईंनी तवा उतरवला, हात धुतले, पदराला पुसले. “दावा बघू.”

“फोन कोठीत हाय. नागपंचमीपतुर गेणबा हात लावू नगं म्हणालाय. आनी चालू हाय का न्हाई कुणास ठावं.”

“गेणबाला काय कळतंय,” उषाबाई म्हणाल्या, आणि कोठीचं झाकण बाजूला करून त्यांनी कोपरापर्यंत हात तांदळात घातला.